ग्राहकाची खुर्ची

गवई लोक आपल्या उस्तादांचं नाव घेताना कानाची पाळी पकडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आमचे साहेब तसं करायचे. फरक एवढाच, की त्यांचा गाण्याशी काही संबंध नव्हता. ते शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्लांट मॅनेजर होते आणि त्यांचे उस्ताद म्हणजे पुण्याचे एक व्यवस्थापनगुरू. गुरूंचं नाव ते फारसं घेतही नसत. नुसतं ‘सर’ म्हटलं की पुरायचं. “सर म्हणतात,” असं बोलून ते थांबायचे, उजवा हात आपोआप कानाकडे जायचा, आणि मग पुढचं वाक्य यायचं.

ते वाक्य काहीही असू शकायचं. “सर म्हणतात, शिळा निर्णय वाढू नये.” “सर म्हणतात, आधी कान, मग तोंड, मग पेन.” एकदा मीटिंगमध्ये कुणीतरी एसी वाढवायला उठलं, तर साहेब म्हणाले, “राहू द्या. सर म्हणतात, फार गारव्यात मेंदू पांघरूण शोधतो.” उठलेला माणूस बसला. घाम पुसत आम्ही मेंदू जागा ठेवला.

मी त्याच कारखान्यात प्रशासन पाहतो. माझ्या ड्रॉवरमध्ये नेहमी एखादं पुस्तक असतं, आणि त्यामुळे सगळं वाचलेला आणि कशावरच विश्वास नसलेला माणूस अशी माझी ख्याती आहे. साहेबांनी मला सरांची पुस्तकं भेट दिली होती. ती मी वाचली. शाळेच्या नागरिकशास्त्रातले धडे पुन्हा छापून त्यांना जाड पुठ्ठा घातला तर जे होईल, ते त्यांत होतं. तसं मी साहेबांना सांगितलं. ते अजिबात रागावले नाहीत. “वाघमारे, तुम्ही डोक्यानं वाचलं,” ते म्हणाले. “ते पोटानं वाचायचं असतं.”

त्यांच्या केबिनमध्ये गणपतीशेजारी सरांचा फोटो होता. सर पांढऱ्या कुर्त्यावर पांढरे बूट घालत, हाताची घडी घालून किंचित वर बघत. अनुयायांच्या समूहाला ‘परिवार’ म्हणत. त्यात पायऱ्या होत्या: आधी साधक, मग वाहक, मग दीपक. वाहकाला निळी फीत मिळायची. साहेब वाहक होते आणि ती फीत त्यांच्या मनगटावर अंघोळीतही असायची, असं वहिनींनीच एकदा मला सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही.

परिवारात वर्षातून एक मौनदिन असे. त्या दिवशी मॅनेजरनं एक शब्दही बोलायचा नाही, फक्त ऐकायचं. साहेबांनी तो इमानानं पाळला. गेटवर एका ट्रक ड्रायव्हरनं विचारलं, माल कुठे उतरवू? साहेबांनी हात लांब करून मागच्या शेडकडे दाखवलं. तो हात फारच लांब झाला असावा. ड्रायव्हर गेटमधून बाहेर पडला आणि आमचा माल घेऊन थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजला पोचला. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा साहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला. काही बोलता येत नव्हतंच.

हसायला सोपं आहे. मीही पुष्कळ हसलो. पण एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली होती, आणि ती हसण्यासारखी नव्हती. करमाडहून येणाऱ्या बायकांची बस उशिरा सुटायची म्हणून साहेबांनी त्यांच्या पाळीची वेळ बदलून घेतली. वेल्डिंगच्या माणसांना दुपारी ताक सुरू केलं. नव्या माणसाला पहिले काही दिवस कुणी ओरडायचं नाही, असा नियम केला. प्रत्येक वेळी मालकांकडे मंजुरीला पाठवताना कारण एकच: सर म्हणतात. मी सरांची पुस्तकं पुन्हा चाळली. ताक कुठेच नव्हतं. बसही नव्हती.

“साहेब, हे सर नेमकं कुठं म्हणाले?” मी विचारलं.

साहेब लाजले. खरंच लाजले, कानापर्यंत. “म्हणाले असतील की कुठंतरी.”

म्हणजे या माणसाला चांगलं सुचायचं, पण ते स्वतःचं म्हणून सांगायची त्याची छाती होत नव्हती.

आता त्या खुर्चीचं सांगतो.

सरांच्या एका शिबिरातून साहेब नवी रीत घेऊन आले. प्रत्येक मीटिंगमध्ये टेबलाच्या मुख्य बाजूला एक खुर्ची रिकामी ठेवायची. ती ग्राहकाची. ग्राहक खोलीत बसला आहे असं समजूनच बोलायचं. कल्पना वाईट नव्हती. आठवडाभर आम्ही खरोखर जपून बोललो.

मग खुर्चीवर पांढरं कव्हर आलं, कारण ती इतर खुर्च्यांसारखी मळायला लागली होती. कँटीनच्या सुमनताई चहा घेऊन आल्या की विचारायच्या, “साहेब, त्यांना ठेवू का?” साहेबांना हो म्हणावंसं वाटलं. तेव्हापासून खुर्चीसमोर एक कप ठेवला जाऊ लागला. तो गार व्हायचा. तो प्यावा की नाही हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून सुमनताई तो गेटजवळच्या जास्वंदीला घालायच्या. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा उरलेला झेंडूचा हार कुणीतरी खुर्चीला घातला. कुणी घातला ते कळलं नाही. साहेबांनी तो काढायला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीपासून आत येणारी माणसं खुर्चीच्या मागून जायची बंद झाली. पुढून, जरा वाकून जायची.

टूलरूमचे शेखभाई उस्मानपुऱ्यात राहणारे, कारखान्यात सगळ्यांत जुने. त्यांनी एक दिवस दारातून बघून घेतलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, “वाघमारेसाब, चद्दर चढ गई, फूल चढ गए. अब उर्स कब है, वो पूछके रखो. मेरेकू छुट्टी डालनी पडेगी.”

साहेबांनी ते ऐकलं. तेही हसले. “शेखभाई, चेष्टा करा, पण तिच्यावर बसू नका.”

“नक्को साब. मेरा स्टूलच बरा है.”

अशीच एक मीटिंग होती. मोठ्या गिऱ्हाईक-कंपनीकडून तपासणीला माणसं येणार होती, त्याची तयारी. गेटवरून एक म्हातारे गृहस्थ वर आले होते. धोतर, टोपी, पायांत धुळीच्या चपला, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांना कुणी थांबा म्हटलं नाही, कुणी या म्हटलं नाही, म्हणून ते चालत आले आणि मीटिंगच्या खोलीत शिरले. आम्ही अजून जागेवर बसत होतो. ते थकले होते. समोर एकच खुर्ची मोकळी होती. ते तिच्यावर बसले.

नोकरीसाठी मुलाची शिफारस घेऊन येणारी माणसं आमच्याकडे रोज येतात. हेही तसलेच, असं आम्ही सगळ्यांनी एकाच क्षणी ठरवून टाकलं होतं.

साहेब पुढे झाले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. खांद्याला हात लावून, घरच्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं म्हणाले, “मामा, जरा उठता का? ही खुर्ची ग्राहकाची आहे.”

म्हातारे चटकन उठले. “चुकलं माझं. मला वाटलं मोकळीच हाय.” कव्हरवर हात फिरवून त्यांनी बसल्याची सुरकुतीसुद्धा साफ केली. साहेबांनी त्यांना दाराजवळचं स्टूल दाखवलं. “पाच मिनिटं बसा. मग बोलू.”

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. सुमनताई चहा घेऊन आल्या. आम्हाला दिला. खुर्चीसमोर ठेवला. स्टुलावर कुणी आहे हे त्यांना कळलं, पण मीटिंगमध्ये विचारायचं कसं, म्हणून त्या गेल्या. साहेब ग्राहकाबद्दलच बोलत होते. ग्राहक न सांगता जे सांगतो ते ऐकलं पाहिजे, असं काहीतरी. हात कानाकडे गेल्याचं मला आठवतं.

मग शेखभाई एक ड्रॉइंग घेऊन आत आले, आणि दारातच थांबले.

“अरे मामू, तुम इधर कायकू बैठे?” आणि आमच्याकडे वळून, कौतुकानं, ओळख करून द्यावी तसं: “साब, पैचानते नै क्या? बिडकीनवाले मामू. ट्रॅक्टर की ट्रॉल्या बनाते. अपनी कंपनी एक शेड में थी ना, तब से बिजागऱ्या अपने पास से लेते. अपना सबसे पुराना गिराइक.”

कुणीतरी पेन खाली ठेवलं, तेवढा आवाज झाला.

मामांनी फडकं सोडलं. आत ट्रॉलीच्या मागच्या फळीची बिजागरी होती, मधोमध चिरलेली. “ह्या खेपेच्या जरा कच्च्या निघाल्या,” ते म्हणाले. “तक्रार नाय. पर ट्रॉलीत माणसं बसत्यात, म्हणून म्हटलं कानावर घालावं.”

साहेबांनी त्या बिजागरीकडे पाहिलं नाही. ते उठले, खुर्चीसमोरचा चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला आणि मामांसमोर येऊन उभे राहिले.

मामा संकोचले. “नगं नगं. त्यांची हाय ना ती?” त्यांनी दाराकडे पाहिलं. “त्ये यायचेत अजून?”



खराब माल साहेबांनी त्याच दिवशी बदलून दिला. तो प्रश्न नव्हता. दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. “वाघमारे, बिडकीनला जाऊ. माझ्यासोबत या.”

गाडीत मीच विचारलं, राग येणार नाही अशा बेतानं, की तुमच्यासारख्या माणसाला हे सर वगैरे कशाला लागतं?

ते बाहेर बघत म्हणाले, “माझा बाप मेंढरं घेऊन फिरायचा. कधी उठायचं, कुठल्या शिवारात उतरायचं, त्याला कुणी सांगत नव्हतं. आभाळाकडं बघायचा आणि उठायचा. आम्ही सगळे त्याच्याकडं बघायचो. मी डिप्लोमा केला, सुपरवायझर झालो. एक दिवस मालकांनी बोलावलं आणि म्हणाले, उद्यापासून तुम्ही प्लांट मॅनेजर. म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. मशीनसोबत पुस्तक येतं, वाघमारे. माणसांसोबत येत नाही. रोज सकाळी एवढी माणसं माझ्याकडं बघतात. मी कुणाकडं बघू?”

गुरूंच्या मागे जाणाऱ्या मॅनेजरांबद्दल माझ्याकडे बरीच तयार वाक्यं होती. त्यातलं एकही त्या गाडीत काढण्यासारखं नव्हतं.

मामांचं वर्कशॉप म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर, खाली एक अर्धी झालेली ट्रॉली. आम्हाला बघून मामा लगबगीनं उठले. तिथे एकच प्लास्टिकची खुर्ची होती. ती त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं पुसली, पुन्हा पुसली, आणि पुढे केली. “बसा साहेब.”

साहेब बसले नाहीत. त्यांना बसताच येईना. “मामा, मी माफी मागायला आलो.”

“कशाची?”

“त्या दिवशी तुम्हाला उठवलं.”

“आवं, त्यात काय. मीच न इचारता बसलो. मोठ्या लोकांची बैठक असती, आमाला काय म्हाईत कोणाची खुर्ची कुठं असती.” आणि मग, साहेबांना बरं वाटावं म्हणून: “तुमी लई चांगलं बोलून उठवलं. दुसऱ्यानं हाकललं असतं.”

साहेबांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. मामा प्रत्येक वेळी चूक स्वतःकडे ओढून घ्यायचे. शेवटी त्यांनी आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले आणि दोघं त्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहून खात राहिले. खुर्ची मधे रिकामीच.

परत येताना साहेब म्हणाले, “त्यांनी माफी घेतलीच नाही. माझ्याकडंच राहिली ती. कुठंतरी ठेवायला पाहिजे.”

ती त्यांनी कुठे ठेवली, त्यावरून पुढचं सगळं झालं.

जालना रोडवरच्या हॉटेलात परिवाराचा मेळावा होता. साहेबांना पाच मिनिटं बोलायचं आमंत्रण होतं, विषय ‘रिकामी खुर्ची’. हा मोठा मान होता; असं बोललेला वाहक पुढे दीपक व्हायचा. मला त्यांनी श्रोता म्हणून नेलं. जाताना मी म्हटलं, “साहेब, बिडकीनचं सांगू नका.”

“तेच सांगणार आहे. सर म्हणतात, झाकलेलं कुजतं.”

“हे मामांचंही आहे. त्यांना विचारलंत?”

देवळात जाताना मी चपलांचा हिशेब विचारतोय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हॉल भरला होता. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, सगळीकडचे मॅनेजर. एरवी ही माणसं सप्लायरला उभं करून घाम फोडतात. इथे ती मांडी घालून जमिनीवर बसली होती, निळ्या फिती वर करून ‘आम्ही ऐकतो’ असं एका सुरात म्हणत होती. माझ्या शेजारच्या गृहस्थांचा मोबाइल वाजला तेव्हा त्यांनी अपराधी चेहऱ्यानं दोन्ही कान पकडले.

साहेबांनी सगळं सांगितलं. अडखळत, आपल्या गावच्या, करमाडच्या मराठीत. गेटवरून आलेले मामा, धोतर, बिडकीन, ट्रॉल्या, चहाचा कप. शेवटी ते रडले. त्यांना टाळ्या नको होत्या. त्यांना एवढंच हवं होतं, की इतक्या जणांतल्या कुणीतरी वर यावं आणि म्हणावं, हे फार वाईट केलंस. त्यांच्या चेहऱ्यावर ती वाट बघणं मला स्पष्ट दिसत होतं.

सर उठले. त्यांनी साहेबांना मिठी मारली, डोळे मिटले, संगीतवाल्याला खूण केली. बासरी सुरू झाली. सर माइकमध्ये म्हणाले, “तो शेतकरी नव्हता. तो ग्राहकही नव्हता. तो परमेश्वर होता. परीक्षा घ्यायला आला होता!”

हॉल उभा राहिला. मी इतक्या टाळ्या कधी ऐकल्या नाहीत. त्या आवाजात साहेब सरांच्या खांद्यावरून माइककडे वाकून म्हणाले, “नाही सर. ते ट्रॉल्या बनवतात.”

पुढच्या रांगेत ते ऐकू आलं. काहीजण प्रेमानं हसले. सरांनी माइक हळूच बाजूला केला.

चार दिवसांत त्याची क्लिप निघाली. बासरी होती, साहेबांचे अश्रू होते, आणि मामांच्या जागी कुठल्यातरी फेटेवाल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं, डोळ्यांत पाणी आणि पाठीमागे सूर्यास्त असलेलं. खाली आमच्या कंपनीचं बोधचिन्ह. मालकांना ती अतिशय आवडली. त्यांच्या व्याह्यांनी परगावाहून फोन करून अभिनंदन केलं. ज्याला त्याला ती आली. मलाही माझ्या मेहुण्यानं पाठवली, ‘डोळे उघडणारा प्रसंग’ असं लिहून.

बिडकीनलाही ती पोचली. चित्र कुणाचंही असो, धोतर नेसून ट्रॉल्या बनवणारे बिडकीनमध्ये एकच.

मामांची पुढची ऑर्डर आली नाही. साहेबांनी फोन केला, तर उचलणाऱ्यानं सांगितलं, मामा बाहेर गेलेत. आम्ही पुन्हा गेलो. मामा वर्कशॉपमध्येच होते. या वेळी ते उठले नाहीत. वेल्डिंग चालू होतं, ते पुरं केलं, डोळ्यांसमोर धरलेली काळी काच बाजूला ठेवली.

“साहेब,” ते म्हणाले, “त्या दिशी खोलीत चार-सहा माणसं व्हती. तेवढ्यांनीच बघितलं व्हतं. मी घरीबी बोललो नव्हतो. आता हाटेलात गेलो का पोरं खुर्ची झटकत्यात. ‘या देवा, बसा,’ म्हनत्यात. सूनबाईनं इचारलं, मामंजी, तुमाला खरंच उठवलं व्हतं का?”

साहेब उभे होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

“तुमचं वाईट नव्हतं मनात, ते कळतं,” मामा म्हणाले. “पर बिजागऱ्या आता मी जालन्याहून आणतो. तुमी येऊ नका. तुमी आले का लोक पुन्यांदा बघत्यात.”

समोरच्या टपरीवरून खरोखरच दोघंतिघं बघत होते. एकानं मोबाइल वर केला होता.

क्लिप काढून टाका, असं साहेबांनी परिवाराच्या कचेरीला कळवलं. तिथल्या मुलीनं अतिशय गोड आवाजात सांगितलं, की ती आता त्यांची एकट्याची राहिलेली नाही, परिवाराची झाली आहे. मालकांकडे गेले. मालक म्हणाले, अहो, लाखमोलाची जाहिरात फुकट झाली, ती काढायची? शेवटी साहेब रजा टाकून पुण्याला सरांकडे गेले. काय झालं, ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं. “सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुझी लाज हा तुझा अहंकार आहे, तो सोड.”

“मग?”

“मी पाया पडलो,” साहेब म्हणाले. “सवय, वाघमारे. वाकून झाल्यावर कळलं, की मी भांडायला आलो होतो.”

त्यानंतर निळी फीत दिसली नाही. मनगटावर तेवढीच जागा उजळ राहिली होती. मीटिंगमध्ये ते “सर...” म्हणून सुरुवात करायचे आणि थांबायचे. पुढचं वाक्य त्यांच्याकडे असायचं. आम्हाला दिसायचं, की आहे. पण ते कुणाचं म्हणून सांगायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग ते कागद चाळायचे. एकदा शेखभाई न राहवून म्हणाले, “साब, बोलो ना. तुमारा बोलना अच्छा रहता. सर-बिर नक्को.” साहेब हसायला गेले, पण जमलं नाही.

उलट पाहुणे वाढले. दुसऱ्या कंपन्यांचे मॅनेजर गट करून ‘ती खुर्ची’ बघायला यायचे. मालकांनी खोलीबाहेर पाटी लावली. पाहुणे बूट काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं. खुर्चीसोबत फोटो झाला की साहेबांसोबत फोटो. एका फोटोवाल्यानं त्यांना सांगितलं, “सर, जरा क्लिपमधल्यासारखा चेहरा करा ना.” साहेबांनी प्रयत्न केला. मी दारात होतो. त्यांनी खरोखर प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला. कारण घरगुती लिहिलं होतं. निरोपाच्या कार्यक्रमाला ते आले नाहीत, आणि मालकांनी तयार ठेवलेलं मानपत्र माझ्या कपाटात पडून आहे. नाशिककडे एका लहान कारखान्यात ते शिफ्टचं काम बघतात असं ऐकलं. मॅनेजर नाहीत. सकाळी कुणी त्यांच्याकडे बघत नसावं. मला वाटतं, त्यांनी मुद्दाम तसं शोधलं असेल.

पाहुण्यांना खुर्चीची गोष्ट सांगायचं काम आता माझ्याकडे आलं आहे, कारण मला बोलता येतं. मी सांगतो. कुठे थांबायचं, ते आता मला कळतं. जिथे मामा ‘त्ये यायचेत अजून?’ विचारतात, तिथे पाहुण्यांचे डोळे हटकून भरतात. जाताना ते माझा हात हातात घेतात. परवा एक तरुण मॅनेजर वाकू लागला, तेव्हा मी पाय मागे घेतले. पण जरा उशिरा.

साहेबांचा मधूनमधून फोन येतो. तब्येत, पाऊस-पाणी, शेखभाई रिटायर झाले का, एवढं होतं. मग ते विचारतात, “ती क्लिप आहे का अजून?”

मी ‘आहे’ म्हणायचो. “बरं,” म्हणून ते फोन ठेवायचे.

गेल्या वेळी त्यांचा आवाज फार थकलेला वाटला. म्हणून मी म्हटलं, “नाही साहेब. काढली त्यांनी. गेल्या आठवड्यातच. आता कुठं दिसत नाही.”



“वाघमारे,” ते हळूच म्हणाले, “मी रोज बघतो.”